आंधळीला जेवू घालणाऱ्या बाई

बाईंच्या खोलीत शिरण्याचे नियम मला पहिल्याच दिवशी पाठ करावे लागले. दारावर टकटक करायची. आतून "ये" आलं तरी दार लगेच उघडायचं नाही. आधी बाहेरच्या बोळातला दिवा बंद करायचा. आत गेल्यावर दार ओढून घ्यायचं, जाड काळा पडदा सारायचा आणि डोळे सरावेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. तोवर काही बोलायचं नाही, काही उचलायचं नाही. मला लहानपणापासून याद्या करायची सवय. मी हे सगळं क्रमानं लिहून दारावर चिकटवलं. बाईंनी तो कागद वाचला आणि खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली : आंधळी जेवत असेल तर परत जा.

ही खोली सुरतेच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या अगदी टोकाला, गच्चीच्या जिन्याला लागून होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लॅब असिस्टंट म्हणून लागले. त्याआधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडातून रक्त काढायचं काम केलं होतं, त्यामुळे हात स्थिर होता. मुलाखतीत बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"अंधाराची भीती वाटते का वं?"

"नाही," मी म्हटलं. "अंधारात वस्तू जागच्या जागी नसल्या तर राग येतो."

बाई हसल्या, आणि मला नोकरी मिळाली.

बाई वर्ध्याकडच्या. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, भाऊ-भावजय तिकडे. अंगानं सडसडीत, नेहमी गडद रंगाची सुती साडी आणि थंडीतही काळी छत्री. छत्रीशिवाय त्या कॉलेजच्या फाटकापर्यंतसुद्धा जात नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "अंधाराची सवय झाली की उजेड टोचतो." डबा त्या त्याच खोलीत, त्याच काळोखात खात. भाजी कोणती हे वासावरून सांगत आणि बाहेरून कोण चाललंय हे पावलांवरून. खोलीतलं काम एका लाल झिरोच्या बल्बच्या उजेडात चाले, आणि तोसुद्धा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. बाहेर भर दुपारी सुरतेचं ऊन डोळे दिपवत असायचं, आत बाई एखाद्या काचेच्या नळीशी बोलत असायच्या. "आज काहून रुसली? काल तर चांगली होतीस."

ती नळीतली म्हणजे आंधळी.

आंधळी हा जिवाणूंचा एक वाण होता. मूळचा बॅसिलस, मातीत-गवतात कुठेही सापडणारा. बाई या ग्राम-पॉझिटिव्ह मंडळींना जाड कपड्यांचे लोक म्हणत. त्यांची भिंत जाड असते, जांभळा रंग एकदा चढला की धुऊन निघत नाही. सुरतेत रंगाचं उदाहरण कुणालाही कळतं. पुढचं त्यांनी मला हिऱ्यांच्या भाषेत समजावलं.

"चार कड्या जोडून केलेली एक अंगठी आहे, समज. मधात खड्याची जागा. लोखंडाचा खडा बसवला की त्याचं रक्त होते. मॅग्नेशियमचा बसवला की पानाचा हिरवा रंग. कोबाल्टचा बसवला की बी-बारा. तू, तो बाहेरचा लिंबाचा झाड अन् हा जंतू, सगळे एकाच सोनाराकडून अंगठ्या घेता."

"आणि सोनार कोण?"

"एक नाही, कारागिरांची रांग आहे. एक वाकवते, एक जोडते, एक घासते. एकेका कारागिराचा एकेक जनुक. आंधळीच्या रांगेतला शेवटचा कारागीर मेला आहे. खडा बसवणारा."

त्यामुळे आंधळीच्या अंगात रिकाम्या अंगठ्यांचा ढीग साचे. त्या रिकाम्या अंगठ्यांचे दोन गुण होते. काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील उजेडात, त्या निखाऱ्यासारख्या लाल उजळत. आणि साध्या उजेडात आंधळीला आतून जाळून टाकत. म्हणून ती काळोखात राहायची. स्वतःचं रक्त बनवता येत नाही, म्हणून तिला बाहेरून रक्तातला तो तयार खडा बसवलेला दागिना, हेमिन, भरवावा लागे. शिवाय बॅसिलसच्या इतर जाती वाईट दिवस आले की बीज धरतात आणि वर्षानुवर्षं कोरड्या पडून राहतात. हिला बीज धरता येत नव्हतं. कुणीतरी ठरल्या वेळी, अंधारात, ताज्या रक्तान्नावर तिला हलवलं नाही तर संपली. दुसरीकडे कुठे तिचा साठा नव्हता. बाईंना सलग चार दिवस रजा घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं ते त्यामुळे.

बाईंना तो मेलेला कारागीर शोधायचा होता. धडधाकट बॅसिलसच्या जनुकसाखळीचे तुकडे करून त्या ते एकेक करून आंधळीला देत. "ज्या तुकड्यानं हिचा दिवा विझेल," त्या म्हणत, "तो तिचा जनुक." वर्षानुवर्षं दिवा विझत नव्हता.

विकतचं हेमिन परदेशातून यायचं. महाग आणि सहा-सहा महिने अडकायचं. म्हणून बाई ते विभागातच करत. आठवड्याला एकदा मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात बकऱ्याचं रक्त घेऊन रिक्षानं यायची. तापलेल्या अॅसेटिक अॅसिडमध्ये मीठ घालायचं आणि त्यात रक्त बारीक धारेनं सोडायचं. सगळ्या विभागात लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास भरायचा. निवल्यावर तळाशी सुरम्यासारखे काळे-निळे, चकचकीत कण बसत. आमचे शिपाई रमणभाई, ओलपाडकडचे आणि कट्टर शाकाहारी, त्या दिवशी बोळाच्या अलीकडेच खुर्ची टाकून बसायचे.

"पेलीनुं जेवण आलं?" ते मला विचारायचे. पेली म्हणजे ती, पलीकडची. आंधळीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

"आलं, रमणभाई. तुम्हाला वाढू?"

"तारी जीभ कापीने पेलीने आपी दईश," ते म्हणायचे. तुझी जीभ कापून तिलाच देईन. पण माझ्या चहात साखर तेच जास्त टाकायचे.

काळा दिवा बाईंनी कतारगामच्या एका हिरेव्यापाऱ्याकडून जुना घेतला होता. हिऱ्याला निळी झाक आहे का हे पाहायला ते लोक तो वापरतात. त्याचा उजेड जवळजवळ दिसतच नाही. ज्याच्या अंगात काही असेल ते मात्र पेटतं. बाईंनी मला पहिल्यांदा त्याच्यासमोर बसवलं आणि हातात आरसा दिला. माझ्या नाकावर, हनुवटीवर, भुवयांच्या मधे तांबड्या-केशरी ठिपक्यांचा सडा होता. दूरच्या डोंगरावर वस्ती दिसावी तसा. मी आरसा खाली ठेवला.

"काहून भितेस? तुझ्या कातडीतल्या छिद्रांमधले जंतू आहेत. तेही जाड कपड्यांचे. तेही रिकाम्या अंगठ्या करतात. आंधळीची चुलत भावंडं समज."

तेव्हापासून बाईंना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिव्यासमोर बसावं लागे. विद्यार्थी, फ्रिज दुरुस्त करणारा, विभागप्रमुख, कुणीही. बाई एक शब्द न बोलता चेहरा वाचत आणि मग म्हणत, "जा, ठीक आहे." काय ठीक, ते सांगत नसत. पोरांमध्ये बोलवा होती की ज्याच्या चेहऱ्यावर एकही दिवा नसेल तो वर्ष काढत नाही. मी बाईंना सरळ विचारलं.

त्यांनी दिवा पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "दिवाळीत हा दिवा मी घरी घेऊन गेले होते. आईच्या चेहऱ्यावर एकही नव्हता. तिनं संक्रांत बघितली नाही."

"म्हाताऱ्या माणसांना ते कमीच असतात, असं तुम्हीच शिकवलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हातारी माणसं मरतातही."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः दिव्यासमोर बसत आणि आरसा न घेता मला विचारत, "आहेत का?" मी बघून सांगायची, "दोन आहेत बाई. डाव्या नाकपुडीच्या कडेला." "बस्स," म्हणून त्या उठत. कामाच्या यादीत मी ते 'बाई – दोन' असं लिहीत असे, फ्रिजचं तापमान लिहावं तसं.

चौऱ्याण्णवचे गणपती नुकतेच गेले होते. तापीचा पूर ओसरून गाळ वाळत होता, आणि शहरात प्लेग आला. सुरतेत त्या दिवसांत जे होते त्यांना पुढचं सांगायला नको. स्टेशनकडे जाणारा रस्ता माणसांनी भरला आणि मग सगळं शहर रिकामं झालं. गोडादऱ्यात आमच्या गल्लीतले यंत्रमाग थांबले, तेव्हा कळलं की इतकी वर्षं आपण त्या खटखटीतच झोपत होतो. शांततेनं झोप येईना. बापूंनी, म्हणजे वडिलांनी, आमच्या नंदुरबारकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये जागा धरली. मी आईच्या पिशवीची यादी करून दिली. माझी पिशवी भरली नाही.

"तू कथी चालनी आते?" आई दारात उभी राहिली. "अख्खं गाव खाली हुई ऱ्हायनं."

"कॉलेजमा."

"कॉलेज बंद शे ना व?"

"बंद शे. बाई शेतस."

"तुनी बाई नि तुना जंतू," आई म्हणाली. "तठे काय पुरेल शे तुनं?"

तिथे माझं काय पुरलंय, असं ती विचारत होती. खरं सांगायचं तर आंधळीसाठी मी राहिले नाही. बाई एकट्या त्या काळोखात बसल्या असतील आणि वस्तू जागेवर ठेवणारं कुणी नसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रमणभाईही राहिले होते. त्यांची खोली आवारातच होती आणि किल्ल्या त्यांच्याकडे. तिघांसाठी मी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळवल्या. शहरात उरलेला प्रत्येक माणूस त्या खात होता. रमणभाईंनी तोंडावरचा रुमाल वर करून माझ्यासमोर पहिली गिळली. बाईंनी आपली पुडी टेबलाच्या कडेला ठेवली आणि तिला हात लावला नाही.

कारण मला त्याच दुपारी कळलं. हेमिनची बाटली तळाला गेली होती. मी नेहमीच्या ठिकाणी जाऊन आले. मटणाची दुकानं बंद, बकरे आणणारे गावाला. मी येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी शांतपणे साडीचा पदर खोचला आणि ब्लाउजची बाही वर सारली.

"रक्त ते रक्तच," त्या म्हणाल्या. "तुझा हात स्थिर आहे."

"माझं घेऊ या बाई. मी तरणी आहे."

"तू गोळ्या खाऊन राहिली. त्यानं जंतू मरतात. आंधळी जंतूच आहे."

"उकळत्या अॅसिडमध्ये गोळी काय टिकणार?"

"नाहीच टिकणार. अन् टिकली तर?"

"आणि तुम्हाला प्लेग झाला तर?"

"तर तू हिला जेवायला घालशील."

मी वाद घातला. एकदा काढू, मग तुम्ही कॅप्सूल सुरू करा, म्हटलं. त्या म्हणाल्या, पुन्हा लागलं तर? लाल बल्बच्या उजेडात रक्त काळं दिसतं. सिरिंज भरताना मला ते दिसत नव्हतं, नुसतं हाताला ऊब कळत होती. पहिल्या वेळचं माझ्याकडून करपलं. दुसऱ्यांदा काढावं लागलं, तेव्हा बाईंनी नुसता दुसरा हात पुढे केला. या वेळी सुरमा छान जमला, बकऱ्याच्यापेक्षा बारीक. आम्ही ताटल्या ओतल्या, त्यांवर जनुकाचे नवे तुकडे दिलेली आंधळी पसरली आणि माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावून टेबलावर ओळीनं मांडल्या. मूळ आंधळीची नळी शेजारीच ठेवली. रक्तान्नावर सगळ्याच वाढणार, मग काळ्या दिव्याखाली विझलेली एखादी शोधायची, अशी पद्धत होती. रक्ताशिवायच्या ताटल्यांवर बरी झालेलीच तेवढी उगवते, म्हणून ती आपोआप निवडता येते असं पुस्तकात होतं. बाईंनी ते करून पाहिलं होतं, पण कधी काही उगवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात महिन्याचा पहिला सोमवार आला. बाईंनी दिवा लावला तेव्हा रमणभाई चहा घेऊन पडद्याशी उभे होते. बाईंनी त्यांनाही बसवलं. त्यांचा चेहरा काळा होता. म्हणजे गळ्याशी ओढलेला रुमाल निळसर चमकत होता, आणि त्याच्या वर चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी आरसा उचलला. माझ्या डोंगरावरची वस्तीही उठून गेली होती.

"बेन," रमणभाई हळूच म्हणाले, "मारा दीवा ओलवाई गया?"

"गोळ्यांनी विझले, रमणभाई. गोळी पोटात जाते, तिथून कातडीत जाते, अन् तिथल्यांना मारते. यात काही नाही."

"तो गामना बधाना?"

गावातल्या सगळ्यांचे? बाईंनी मान हलवली. मी त्या दिवशी घरी परतताना रस्त्यात जी मोजकी माणसं भेटली त्यांच्याकडे पाहिलं. रुमाल बांधलेली, भिंतीच्या कडेनं चालणारी. भर उन्हात होती, पण मला ती सगळी विझलेली दिसली. अख्ख्या सुरतेत ज्या चेहऱ्यावर अजून दिवे होते असा एकच मला ठाऊक होता. डाव्या नाकपुडीच्या कडेला, दोन.

दुसऱ्या दिवशी बाईंना ताप भरला.

मी त्यांना स्टाफरूममध्ये दोन बाकं जोडून निजवलं. कॅप्सूल आणि पाण्याचा पेला घेऊन समोर बसले. अंग इतकं तापलं होतं की पदराची ऊब लागत होती. खोकला नव्हता, गाठ नव्हती. मी काखा, जांघा, मान सगळं तपासलं. तरी मला ठरवता येईना.

"घ्या बाई."

"उद्या बघू. आधी ताटल्या बघू दे."

"ताटल्या मी बघते."

"तू बघशील. पण रक्त अजून लागलं तर कोणाचं घेशील?"

मी तो पेला हातात धरून किती वेळ बसले माहीत नाही. मला बाई जगायला हव्या होत्या, बाईंना आंधळी, आणि दोन्ही एका हातात मावत नव्हतं. दिवसभर आणि पुढे सकाळपर्यंत मी तिथून हलले नाही. सकाळी त्यांना घाम फुटला आणि ताप उतरला. अशक्तपणा आणि साधा हिवताप असावा, असं आज वाटतं. त्या वेळी मी नुसती भिंतीला टेकून बसले.

रमणभाई मात्र दाराबाहेरून सगळं ऐकत होते. त्यांच्या हिशेबी ताप त्या काळ्या खोलीत राहत होता. ज्या खोलीत पेली लोकांचं रक्त पिते, ऊन जिला चालत नाही, त्या खोलीतूनच बेनला हे लागलं. आदल्या दिवशीच, आम्ही स्टाफरूममध्ये असताना, त्यांनी बाईंना वाचवण्यासाठी जे सुचलं ते केलं.

मी खोलीपाशी आले तेव्हा दाराखालून उजेड येत होता. माझ्या नियमांच्या कागदावरही ऊन पडलं होतं. पडदा काढून घडी करून ठेवलेला. वर्षानुवर्षं खिळे ठोकून बंद असलेली खिडकी सताड उघडी. फरशी पुसलेली, उदबत्ती लावलेली.

"बारी खोली नाखी, बेन," रमणभाई कोपऱ्यात हात जोडून उभे होते. "तडकामां जंतु मरी जाय." खिडकी उघडली, उन्हात जंतू मरतात.

मी ती खोली पहिल्यांदाच पाहिली. लहानशी, साधी, चुना पिवळा पडलेली. चारही भिंतींवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा फिरला होता. अंधारात चालताना बाईंचा तळवा इतकी वर्षं जिथून सरकत होता, तिथे. टेबलावर सगळ्या ताटल्या आणि ती नळी उन्हात तापत होत्या.

बाई भिंतीला धरून आल्या. रमणभाईंच्या समोरून टेबलाशी गेल्या. खिडकी लावली, पडदा टांगायला लावला, काळा दिवा पेटवला. नळीत काही उजळलं नाही. बाईंनी एकेक ताटली दिव्याखाली धरली. निखारे होते तिथे राख होती. रमणभाई रडत होते.

"बेन, में मारी नाखी?"

बाईंचा हात एका ताटलीवर थांबला. त्यांनी ती बोटांनी चाचपली, उठून स्वतः खिडकी उघडली आणि ताटली उन्हात धरली. मेलेल्या, पातळ थरात एकच वसाहत जाड, मलईसारखी पसरली होती. दिवसभर ऊन खाऊन वाढली होती. खिडकी लावून बाईंनी तिला पुन्हा दिव्याखाली नेलं. तिच्यात दिवा नव्हता.

"मारली," त्या म्हणाल्या. "अन् शोधूनही दिली, रमणभाई."

मग त्या खुर्चीवर बसल्या. ऊन जिला मारू शकलं नाही, तिच्यातच तो कारागीर परत आला होता. रक्ताशिवायच्या ताटल्यांवर ती का उगवत नव्हती तेही त्यांना तिथेच उमगलं. "नुकतं बरं झालेलं माणूस पहिल्याच दिवशी उपाशी ठेवते का कोणी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. चिठ्ठी वाचून मी त्यांना तुकडा कोणता ते सांगितलं. मला वाटलं आता त्या हसतील. त्यांनी रिकामी झालेली नळी उचलून पदरात घेतली.

"ही ती नाही," ताटलीकडे बघत त्या म्हणाल्या. "ही डोळस आहे. हिला माझं काय काम?"

शहर परत भरलं, माग सुरू झाले, आई चिवड्याचा डबा घेऊन आली आणि महिनाभर माझ्याशी तुटक बोलली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई दिव्यासमोर बसल्या.

"आहेत का?"

मी पाहिलं. कोन बदलून पुन्हा पाहिलं.

"नाहीत बाई. एकही नाही."

"मी गोळ्या घेतल्या नाहीत."

"दिवा जुना झाला असेल," मी म्हटलं आणि त्याच दिवशी कतारगामला जाऊन दिव्याची नवी नळी आणून बसवली. पण तपासायचं कुणावर? माझा चेहरा विझलेला, रमणभाईंचा विझलेला. आम्ही तिघं त्या काळोखात एकमेकांसमोर बसलो होतो आणि कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. दिवाळी झाल्यावर माझे ठिपके परत यायला लागले. मग रमणभाईंचे दोन-चार. बाईंचे आले नाहीत. मी कारणं सांगितली : वय, ताप, अशक्तपणा. त्यांनी सगळी ऐकून घेतली.

"आंधळीचा दिवा विझला तेव्हा आपण काय म्हटलं?" त्यांनी विचारलं. "बरी झाली म्हटलं. म्हणजे मीही दुरुस्त झाले."

तेव्हापासून बाईंनी खिडकी बंद केली नाही. छत्री खुंटीला तशीच राहिली. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं कारागिरांची ती सगळी रांग आधीच वाचून छापली होती, हे उशिरा पोचलेल्या एका अंकातून कळलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी वाचली. मी सांभाळली." डबा त्या गच्चीच्या पायरीवर, उन्हात बसून खाऊ लागल्या आणि भाजीकडे बघून म्हणायच्या, "वांगं इतकं जांभळं असते का वं?"

उत्तरायणाला सुरतेत घरात कुणी थांबत नाही. त्या दिवशी आम्ही कॉलेजच्या गच्चीवर गेलो होतो. रमणभाईंचा पतंग, माझी फिरकी, आणि बाई पाण्याच्या टाकीला टेकून खुर्चीत, तोंड वर करून. आकाशात बोट ठेवायला जागा नव्हती.

"बेन, तडको लागशे," रमणभाई म्हणाले. ऊन लागेल.

"लागू द्या," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आज संक्रांत ना? बघितली."

मला बरं वाटलं. मी फिरकीचा मांजा सोडत राहिले. तिन्हीसांजेला लोक पतंगांच्या दोरीला कंदील बांधून सोडायला लागले. एकेक करून तांबडे-केशरी ठिपके वर चढत गेले, आणि मी ते बाईंना दाखवायला वळले. त्या तशाच बसल्या होत्या, तोंड वर, डोळे उघडे. हात लावला तेव्हा अंगाला उन्हाची ऊब होती, म्हणून मला कळायला वेळ लागला.

ती डोळस अजून आहे. तिला बीज धरता येतं, त्यामुळे गाळणकागदाच्या एका कपट्यावर ती विभागाच्या कपाटात पडून असते. तिला जेवण लागत नाही, अंधार लागत नाही. रमणभाई निवृत्त होईपर्यंत त्या कपाटासमोरून जाताना हात जोडायचे. बेनचं रक्त तिच्यात आहे म्हणायचे. मी सांगायची, तसं नसतं रमणभाई, ती आता स्वतःचं स्वतः बनवते. "ने लोढुं?" ते विचारायचे. आणि लोखंड?

काळा दिवा माझ्याकडे आला. मी आता बाईंच्या वयाची आहे. घरात तो कामाला येतो. गादीवरचे डाग, बनावट नोट, काचेला गेलेला तडा. परवा माझ्या मुलीनं तो कपाटातून काढला. ती एकोणीस वर्षांची, मुरुमांनी वैतागलेली. तिनं खोलीत अंधार केला आणि आरशात बघून बराच वेळ हसत राहिली. तिच्या तोंडावर सगळी सुरत पेटली होती.

"आई, ये ना," ती म्हणाली. "आता तुझं बघू."

मी बटण बंद केलं.

"वीज जळते," म्हटलं, "आणि मला भाजी टाकायचीय."